शब्द येतात, पण कानाला त्यांची ओळख नाही

प्रश्न : मॅडम, मी परभणी जिल्ह्यातला. दहावीपर्यंत मराठी मिडियम, यंदा एमएस्सी एन्व्हायर्नमेंटल सायन्स झालं. पीएचडी करायचीय, त्यासाठी यूजीसीची नेट परीक्षा देणार आहे आणि ऑस्ट्रेलियातही अप्लाय करायचंय म्हणून आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा. तीन महिन्यांत १४ मॉक, म्हणजे सराव परीक्षा दिल्या, तरी लिसनिंग ४० पैकी १८ च्या पुढे जात नाही, रीडिंग २१ वर अडकलंय. ऐकताना शब्द निसटतात आणि नंतर स्क्रिप्ट वाचली की सगळे ओळखीचे निघतात. पॅसेज संपेपर्यंत वरचं विसरतो. मराठी मिडियमवाल्याचं हे असंच राहणार का?

उत्तर : नाही रे बाबा, असंच नाही राहणार. तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं, स्क्रिप्ट वाचली की शब्द ओळखीचे निघतात हे. म्हणजे तुझं इंग्रजी कच्चं नाहीये, तू ते सगळं डोळ्यांनी शिकलायस, कानाने शिकायची वेळच कधी आली नाही. आपल्याकडे वर्गात इंग्रजीचा धडासुद्धा मराठीतून समजावून सांगतात, मग कानाला सवय लागणार कुठून. हा सवयीचा प्रश्न आहे, आणि सवय तेविसाव्या-चोविसाव्या वर्षीही लागते, मी लागलेली बघितलीय.

पहिलं काम म्हणजे मॉक बंद कर. महिनाभर एकही देऊ नकोस. मॉक दिल्यावर मार्क कळतात, पण का चुकलं ते कळत नाही, आणि तू १४ वेळा तेच मार्क बघून स्वतःला त्रास करून घेतलायस.

आता लिसनिंगचं. आपण मराठी माणसं प्रत्येक अक्षराला सारखं वजन देऊन बोलतो. इंग्रजीत तसं नाही, एका ठिकाणी जोर देतात आणि बाकीचं गिळतात. तू वाट बघतोयस 'टेम्परेचर'ची आणि कानावर येतं 'टेम्प्रचर', 'व्हेजिटेबल'चं होतं 'व्हेज्टबल', 'कम्फर्टेबल'चं 'कम्फ्टबल'. ऑस्ट्रेलियन माणूस 'डेटा'ला बऱ्याचदा 'डाटा' म्हणतो आणि त्याचा 'डे' आपल्याला 'डाय' ऐकू येतो. फिफ्टीन आणि फिफ्टीमध्ये गोंधळ होतो तोही याच्यामुळेच, फिफ्टीनमध्ये जोर शेवटी असतो, फिफ्टीमध्ये सुरुवातीला, फक्त 'न' ऐकू येतोय का बघत बसलास तर हुकणारच.

याला उपाय एकच, जुना आहे आणि कंटाळवाणा आहे, श्रुतलेखन. शाळेत मराठीचं करायचो तेच. बीबीसी लर्निंग इंग्लिशचा सहा मिनिटांचा कार्यक्रम असतो, त्याची स्क्रिप्टही फुकट मिळते. त्यातलं फक्त एक मिनिट घ्यायचं, स्क्रिप्ट न बघता तीनदा ऐकायचं, जेवढं कळेल तेवढं वहीत लिहायचं आणि कळलं नाही तिथे रिकामी जागा सोडायची. मग स्क्रिप्ट उघडून लाल पेनने भरायचं. आता महत्त्वाचं, प्रत्येक लाल शब्दापुढे कारण लिही, शब्दच माहीत नव्हता, की माहीत होता पण आवाज वेगळा होता, की आधीच्या शब्दावर विचार करत बसलो म्हणून हा गेला. माझ्याकडे बीड जिल्ह्यातली एक मुलगी यायची, तिच्या वहीत पहिल्या आठवड्यात बहुतेक लाल खुणा दुसऱ्या, म्हणजे आवाजाच्या कारणाच्या होत्या, तिने तेवढेच शब्द रोज मोठ्याने, कार्यक्रमातल्या माणसासारखे म्हणायला घेतले आणि दीड महिन्यात वही बरीचशी निळी दिसायला लागली. तुझंही दुसरंच कारण जास्त निघेल असं मला वाटतं.

परीक्षेत ऑडिओ एकदाच लागतो, चार भाग असतात, आणि शेवटचा भाग म्हणजे लेक्चर, त्याला मध्ये थांबाही नाही. प्रश्न मात्र ऑडिओच्याच क्रमाने येतात. म्हणून एखादं उत्तर निसटलं तर ते सोडून द्यायचं, त्याच्यामागे लागलास तर पुढची दोन जातात. स्पेलिंग चुकलं तरी मार्क जातो, त्यामुळे श्रुतलेखनात स्पेलिंगही तपासत जा.

रीडिंगमध्ये मला वाटतं तू प्रत्येक वाक्याचं मनात मराठी भाषांतर करत जातोयस, म्हणून खाली पोचेपर्यंत वरचं पुसलं जातं. काही क्लासवाले सांगतात की मराठी डोक्यातून काढून टाक, मला हे अजिबात पटत नाही. मराठी ठेव, फक्त वाक्याला नको, परिच्छेदाला लाव. एक परिच्छेद वाचून झाला की शेजारी पाच-सहा मराठी शब्दांत लिही, इथे काय केलंय. 'आधीचं मत सांगितलं', 'त्यावर शंका घेतली', 'पाण्याचं उदाहरण दिलं', एवढंच. पॅसेज संपला की त्या ओळी वाच, सगळा पॅसेज समोर उभा राहतो. सरावाला डाउन टू अर्थ या पर्यावरणावरच्या इंग्रजी नियतकालिकातले मोठे लेख घे, तुझा विषय आहे त्यामुळे मजा येईल, पण आठवड्यातून दोनदा इतिहास, मानसशास्त्र असं परकं काहीतरी वाच, कारण परीक्षेत विषय आपल्याला विचारून येत नाहीत.

ट्रू, फॉल्स आणि नॉट गिव्हन हा प्रकार मात्र वेगळा शिकावा लागतो. समज पॅसेजमध्ये आहे, 'बाय २०१०, मोस्ट फार्मर्स इन द व्हिलेज हॅड स्विच्ड टू ड्रिप.' खाली विधान आलं की सगळे शेतकरी ठिबककडे वळले होते, तर ते फॉल्स, कारण तिथे 'मोस्ट', म्हणजे बहुतेक, आहे. विधान आलं की ठिबकमुळे त्यांचं उत्पन्न वाढलं, तर ते नॉट गिव्हन, कारण उत्पन्नाबद्दल पॅसेजमध्ये काहीच नाही. तू परभणीचा, ठिबकचा फायदा तुला घरून माहीत असणार, म्हणून तू ट्रू टिक करशील. इथेच मार्क जातात, आपल्याला माहीत असलेलं पॅसेजमध्ये घुसवतो आपण. उत्तर देण्याआधी त्या ओळीवर बोट ठेवायचं, बोट ठेवता आलं नाही तर नॉट गिव्हन.

नेटला लिसनिंग नाही, पेपर एकमध्ये एक उतारा आणि त्यावर पाच प्रश्न, म्हणजे १० मार्क, निगेटिव्ह मार्किंगही नाही. पेपर एक इंग्रजी-हिंदीत असतो, मराठीत नाही. तीच परिच्छेदाची सवय इथेही चालते. जून २०२४ पासून नेटचा स्कोअर पीएचडी ॲडमिशनला धरतात, जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली नसेल तर ७० टक्के वजन त्या मार्कांना आणि ३० टक्के मुलाखतीला, तो स्कोअर एकच वर्ष चालतो. आयईएलटीएसचा दोन वर्षं चालतो, म्हणून फी भरायची घाई करू नकोस. बऱ्याच युनिव्हर्सिट्या एकूण ९ पैकी ६.५ बँड मागतात, त्यासाठी लिसनिंग-रीडिंगमध्ये प्रत्येकी साधारण २६-२७ बरोबर यायला लागतात. १८ वरून तिथे जायला मी तुला चार महिने देईन, रोज सव्वा तास, अर्धा तास कानाला आणि बाकीचा वाचनाला.

आणि श्रुतलेखनाच्या पहिल्या दहा पानांचे फोटो मला पाठव, चुका पुसून नको, लाल पेनासकट. त्यावरून पुढचा महिना कसा करायचा ते ठरवू.