मँगनीजच्या नावावर चार लाख आणि सातबारा

प्रश्न (थोडक्यात): तुमसर तालुक्यात माझी तीन एकर शेती आहे. एका कंपनीचा माणूस म्हणतो, आमच्या शिवारात १२ लाख टन मँगनीज निघालं, सरकारची मंजुरीही झाली. पाच लाख गुंतवा, महिन्याला दोन टक्के पक्के. एक लाख रोख दिले, पावती नाही. आता उरलेले चार लाख आणि पाचशेच्या स्टँपवर शेताचं संमतीपत्र मागतो. काय करू?

उत्तर: भाऊ, चार लाख देऊ नका आणि संमतीपत्रावर सही करू नका. सातबारा, आधारच्या सही केलेल्या प्रतीही देऊ नका.

तुमच्या भागात मँगनीज आहे, हे खरंच. चिखला, डोंगरी बुजुर्गच्या खाणी तुमच्याच तालुक्यातल्या. पण शेजारी खाण आहे म्हणून तुमच्या बांधाखाली काढण्याजोगा थर असेलच, असं नाही.

तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टच्या फोटोत 'मँगनीज ४२ टक्के' याला लाल गोल केला आहे. त्याखालची बारीक ओळ वाचा: 'नमुना पक्षकाराने आणून दिला.' म्हणजे प्रयोगशाळेने पिशवीतला दगड तपासला, तो कोणत्या शेतातला हे तिला ठाऊक नाही. जड, काळा दगड वेचून नेला की आकडा चांगलाच येतो. म्हणून बोअर किती मारले, प्रत्येकाचे अक्षांश-रेखांश काय, किती मीटरपासून किती मीटरपर्यंत किती टक्के, आणि गाभ्याचा (बोअरमधून निघणाऱ्या दगडाच्या दांड्याचा) किती भाग हाती आला, हे लेखी मागा. बोअरने थर तिरपा कापला तर तो खऱ्यापेक्षा जाड दिसतो, म्हणून तसं झालंय का, हेही विचारा.

कंपनीच्या माहितीपत्रकात १२ लाख टनांपुढे '३३४' छापलं आहे. खनिज वर्गीकरणात हा आकडा सगळ्यात कच्च्या, प्राथमिक पाहणीचा. सिद्ध साठ्याचा आकडा १११ असतो. ३३४ मधले टन बाजारभावाने गुणून कोट्यवधी दाखवणं म्हणजे पेरणीआधीच धान विकणं. खर्च, रॉयल्टी, लिलावात कबूल केलेला सरकारचा वाटा, काहीच वजा केलेलं नसतं.

आता 'मंजुरी'. मँगनीज हे प्रमुख खनिज. १२ जानेवारी २०१५ पासून खासगी कंपनीला त्याचा नवा खाणपट्टा लिलावाशिवाय मिळत नाही. 'अर्ज टाकला आहे' याला काही अर्थ नाही. इरादापत्र (पट्टा देण्याचा इरादा कळवणारं सरकारी पत्र) असलं तरी ते खणण्याचा परवाना नव्हे. त्यानंतर भारतीय खाण ब्युरोकडून खाणकाम आराखडा आणि पर्यावरण मंजुरी लागते, जंगल असेल तर वनमंजुरीही. कोणत्या ब्लॉकचा (खाणीसाठी आखलेल्या भागाचा) लिलाव झाला, कोणाला गेला, हे जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्यांकडे गट नंबर देऊन माहितीच्या अधिकारात विचारा.

संमतीपत्राने त्यांना खनिजाचा हक्क मिळत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ प्रमाणे तो सरकारचा. पण मसुद्यात 'विक्री व गहाण ठेवण्याचा अधिकार' हे शब्द आहेत. ते संमतीपत्र नाही, मुखत्यारपत्र आहे. जमीन अडकेल.

पैशाचं प्रकरण तर आणखी गंभीर आहे. नोंदणीशिवाय लोकांकडून ठराविक परताव्याच्या बोलीवर ठेवी घेणं २०१९ च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्यात गुन्हा आहे. 'शेअर देतो' म्हणाले तर कंपनी कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे पीएएस-४ हे प्रस्तावपत्र तुमच्या नावाने हवं, पैसे बँकेतूनच हवेत, आणि ६० दिवसांत शेअर मिळायला हवेत. रोख चालत नाही. कंपनीची नोंद, संचालक, भांडवल हे कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर फुकट दिसतं. एक लाख भांडवलाची कंपनी खाण काढणार म्हणते का, तेवढं बघा.

गेलेल्या एक लाखासाठी आजच कामाला लागा. एजंटचे व्हॉट्सॲप मेसेज, कॉलच्या तारखा, पैसे देताना हजर असलेल्यांची नावं लिहून ठेवा. फोन बदलू नका, मेसेज पुसू नका. कोर्टात ते दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायचं प्रमाणपत्र लागेल. मग वकिलामार्फत १५ दिवसांची नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा. उत्तर आलं नाही तर जिल्ह्याच्या आर्थिक गुन्हे शाखेत फसवणुकीची तक्रार द्या, गावातले इतर पैसे दिलेले लोक सोबत घ्या. वसुलीच्या दिवाणी दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, म्हणून पैसे दिल्याची तारीख आधी नक्की करा.