सर्जन म्हणतात 6 मिमी, थ्रीडी नकाशा म्हणतो 4. जबड्याच्या ऑपरेशननंतर खरा आकडा कोणता?

तुम्ही विचारलंय, यातला खरा आकडा कोणता आणि चेहऱ्याच्या दोन्ही बाजू सारख्या झाल्या का. तुम्ही घोडबंदर रोडला राहता, खालचा जबडा मागे घेऊन चार महिने झालेत, आणि क्लिनिकच्या रंगीत नकाशात (ऑपरेशनआधीचा आणि नंतरचा थ्रीडी स्कॅन एकमेकांवर ठेवून फरक रंगाने दाखवतात तो) हनुवटी 4 मिमीच मागे दिसते, म्हणून सर्जनवरचा विश्वास डळमळलाय. सर्जनला जाब विचारण्याआधी नकाशा काढणाऱ्याला एकच विचारा: दोन स्कॅन एकमेकांवर कशाच्या आधारे बसवले?

बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘पूर्ण चेहरा’. घोळ तिथेच आहे. सॉफ्टवेअरला अख्खा चेहरा दिला की ते एकूण तफावत कमीत कमी राहील असं स्कॅन सरकवतं आणि फिरवतं. हनुवटीचे 6 मिमी मग सगळ्या चेहऱ्यावर वाटले जातात. हनुवटीवर उरतात समजा 4, आणि कपाळावर, जिथे सर्जनने हातही लावलेला नाही, तिथे एक-दीड मिमीचा रंग चढतो. तुमच्या नकाशात कपाळ रंगलेलं असेल तर तो नकाशा बाद. ‘पण सरासरी त्रुटी कमी येते’ हा युक्तिवाद आमच्या क्षेत्रात वर्षानुवर्षं चाललाय. येणारच! ती कमी करणं हेच त्या गणिताचं काम. त्रुटी कमी आली म्हणजे जुळणी बरोबर झाली असं होत नाही. असे नकाशे पेशंटच्या हातात देऊच नयेत, हे माझं स्पष्ट मत आहे.

जुळणी न बदललेल्या भागावरच करायची: त्वचेच्या स्कॅनमध्ये कपाळ आणि नाकाचं मूळ, सीबीसीटीमध्ये (हाडं दाखवणाऱ्या थ्रीडी एक्स-रे स्कॅनमध्ये) कवटीच्या तळाचा पुढचा भाग.

दुसरी गफलत अंतराची. नकाशा जवळात जवळच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर मोजतो, हनुवटीच्या त्याच बिंदूपर्यंतचं नाही. हनुवटी गोलाकार असल्याने आकडा आणखी लहान येतो. म्हणून दोन्ही स्कॅनवर हनुवटीचा सर्वांत पुढचा बिंदू खुणेने धरा आणि पुढे-मागे, वर-खाली, डावी-उजवी असे तीन आकडे वेगळे काढा.

शिवाय सर्जनचे 6 मिमी हाडाचे आहेत. हनुवटीची त्वचा हाडाच्या जवळजवळ बरोबरीने सरकते, खालचा ओठ त्याहून कमी. चार महिन्यांनी थोडी सूजही उरलेली असू शकते. हाड स्वतःच किंचित पुढे परतलंय का, हे मात्र सेफॅलोग्राम, म्हणजे डोक्याचा बाजूने काढलेला एक्स-रे, सांगेल, त्वचेचा नकाशा नाही.

नवा स्कॅन ऑपरेशनला सहा महिने आणि मग वर्ष झाल्यावर घ्या. मान नैसर्गिक, दाढा हलक्या टेकलेल्या, ओठ सैल, केस बँडने मागे, दाढी केलेली. आपल्याकडे मे महिन्यात घामाने चकाकणाऱ्या त्वचेवर स्कॅनला खड्डे पडतात, तेव्हा चेहरा टिपून थोडा वेळ एसीत बसा. एकाच दिवशी उठून पुन्हा बसून दोन स्कॅन घ्या. त्या दोघांत जो फरक येईल ती तुमची मोजणीची चूक; त्याहून लहान बदलाला बदल म्हणू नका. दर वेळी वजन लिहा, कारण पातळ आहाराने गालही उतरतात. मधे ब्रेसेस निघाल्या तर तेही लिहा, ओठ तेवढ्यानेही आत जातात.

सेल्फी विसरा. हातभर अंतरावरून नाक मोठंच दिसतं. फोटो घ्यायचाच तर दीड मीटरवरून, दर वेळी त्याच लेन्सने.

दोन्ही बाजू सारख्या झाल्या का, हेही तुम्ही विचारलंय. स्कॅनची आरशातली प्रत करून मूळ स्कॅनवर बसवतात, इथेही कपाळावरूनच. मात्र ऑपरेशन न झालेले चेहरेही तंतोतंत सारखे नसतात, म्हणून तुलना स्वतःच्या आधीच्या स्कॅनशीच करा.

क्लिनिककडून स्कॅनच्या एसटीएल किंवा ओबीजे (थ्रीडी आकाराच्या) फायली मागून घ्या. थ्रीडी स्कॅनची तुलना करणारं क्लाउडकंपेअर हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात दोन्ही स्कॅनमधून कपाळ आणि नाकाच्या मुळाचा तुकडा कापा, तुकड्यांवर आयसीपी (दोन पृष्ठभाग आपोआप जुळवणारी पद्धत) चालवा, स्केल बदलण्याची खूण काढून टाका, आणि मिळालेलं मॅट्रिक्स (स्कॅन किती सरकवायचा-फिरवायचा ते सांगणारे आकडे) अख्ख्या चेहऱ्याला लावा. जमलं नाही तर नेरूळ किंवा खारघरच्या डेंटल कॉलेजच्या ऑर्थोडोंटिक्स (दात-जबडे सरळ करण्याच्या) विभागात फायली दाखवा. फक्त कुतूहल म्हणून नवा सीबीसीटी काढू नका. त्यात क्ष-किरण आहेत, त्वचेच्या स्कॅनमध्ये नाहीत.