तालमीचा वार

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. मालिकेचा करार तुझ्या हातात पडला आणि त्याच आठवड्यात तुमच्या बँडच्या ड्रमरने ‘आता तू आमची राहणार नाहीस’ असे सुनावले, हे वाचल्यापासून माझे मन थाऱ्यावर नाही. संगीत निवडू की अभिनय, असे तू विचारतेस. प्रश्नच चुकीचा आहे. करारावर सही कर. मात्र त्याआधी चित्रीकरणाच्या तारखा लावणाऱ्याला तालमीचा एक वार लिहून दे आणि तो वार कोणासाठीही मोडू नकोस.

ज्या ‘एक्स’ या अमेरिकन पंक रॉक बँडची गाणी तुम्ही इतक्या त्वेषाने वाजवता, त्याच्या जॉन डोकडे, त्या गाणाऱ्या बासवादकाकडे, जरा नीट पाहा. लॉस एंजेलिसजवळच्या व्हेनिसमध्ये, कवितेच्या एका कार्यशाळेत, त्याला बँडची दुसरी गायिका एक्सीन सर्व्हेंका भेटली. ‘डोअर्स’ या रॉक बँडच्या रे मॅन्झारेकने निर्मिती केलेला त्यांचा पहिला अल्बम 1980 मध्ये आला, तेव्हा त्यात नऊच गाणी होती आणि तीही सगळी मिळून अर्ध्या तासाच्या आत संपणारी. जॉन आणि एक्सीनचे आवाज एकमेकांत विरघळत नाहीत, ते एकमेकांवर घासत राहतात, आणि त्यातच त्या गाण्यांचा जीव आहे. असे गाणे एकट्याने खोलीत बसून साधत नाही, त्यासाठी समोर दुसरा माणूस उभा असावा लागतो. म्हणूनच मी तालमीवर इतका अडून बसलो आहे.

1986 पासून हाच जॉन डो चित्रपटांत दिसू लागला. 1989 मध्ये रॉक अँड रोल गायक जेरी ली लुईसच्या जीवनावरील चित्रपटात त्याने लुईसच्या सासऱ्याची भूमिका केली. तो सासराही बासच वाजवणारा! पुढे 1999 ते 2002 या काळात ‘रोझवेल’ या दूरचित्रवाणी मालिकेत तो नायिकेचा, उपाहारगृह चालवणारा बाप झाला. त्याआधी, ऐंशीच्या दशकातच, एक्सीनशी झालेले लग्न मोडले, गिटारवादक बिली झूम बँड सोडून गेला, पुढे बँडही काही वर्षे थंडावला. तरी 1990 मध्ये त्याने स्वतःच्या नावाचा अल्बम काढला, आणि 2020 मध्ये मूळचे चौघे पस्तीस वर्षांनी पुन्हा नव्या गाण्यांचा अल्बम घेऊन आले. कॅमेऱ्यासमोर गेल्याने त्याच्यातला पंक संपला असे ज्याला वाटते, त्याने तो अल्बम ऐकावा.

आता माझे सांगतो. आमची तालीम मंगळवारी, डेक्कनजवळच्या एका गॅरेजमध्ये, रात्री आठ ते अकरा असे. मालिका मिळाल्यावर पहिला मंगळवार मी ‘भागांची बँक, म्हणजे आधी चित्रित करून ठेवलेले भाग, संपली आहे, उद्याच टेलिकास्ट आहे’ म्हणून सोडला. दुसरा थकव्यामुळे गेला. तिसऱ्याचे कारण आज आठवतही नाही. चौथ्या महिन्यात गिटारवादक माझ्या घरी येऊन आपला अॅम्प्लिफायर घेऊन गेला आणि जाताना एक शब्दही बोलला नाही. तालीम मी रद्द केली नव्हती, पुढे ढकलली होती, असे मी पुष्कळ वर्षे म्हणत आलो. मालिकेच्या पैशांवर वडिलांचे डायलिसिस चार वर्षे चालले; त्या कामाची मला लाज वाटत नाही, आणि तो निर्णय मी आजही तसाच घेईन. पण मंगळवारचे ते तीन तास माझ्याकडे कोणीच मागितले नव्हते. ते मी आपणहून देऊन टाकले.

तेव्हा ‘सेटवर रुळले की बघू’ असे मला लिहू नकोस. रुळल्यावर कोणी बघत नाही. दिवसाला बारा-तेरा तास उभे राहावे लागेल आणि त्या कामाचे पैसे बहुधा तीन महिन्यांनी मिळतील, हे धरून चाल. पैशांच्या ओढाताणीत गिटार विकण्याचा विचार मनात आला तर आधी मला फोन कर. ड्रमरची समजूत घालत बसू नकोस. त्याचा राग रास्त आहे आणि तो तुझ्या बोलण्याने जाणार नाही. ठरलेल्या वारी वेळेवर जा, जॅक लाव आणि सुरुवात कर. संवाद पाठ नसतील तरी जा, घसा बसला असेल तरी जा, त्या दिवशी नुसती वाजव.

जॅमपॅडचे, म्हणजे तुमच्या तालमीच्या खोलीचे, भाडे तासाला किती आहे आणि तुमचा वार कोणता ठरला, एवढेच उत्तरात कळव. पहिल्या तीन महिन्यांचे भाडे मी पाठवतो.

तुझा,
काका