लेक खाणीजवळच्या तंबूत, आप्पा दीपनगरचे

"ताई, आम्ही मूळचे भुसावळचे, गेली चौदा वर्षं जर्मनीत कोलोनजवळ राहतो. माझे वडील दीपनगरच्या वीजकेंद्रात एकतीस वर्षं बॉयलरवर होते. मुलगी सतराची. ऑगस्टच्या सुट्टीत कोळशाच्या खाणीजवळ तंबू ठोकून आठवडाभर राहायचं, असं तिच्या मैत्रिणींचं ठरलंय. मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर ती वडिलांना म्हणाली, 'आप्पा, तुम्ही जन्मभर जे जाळलंत ते आता आम्ही निस्तरायचं.' आप्पांनी फोन आईच्या हातात दिला आणि उठून गेले. तेव्हापासून ते कॉलवर येतच नाहीत. यांचं म्हणणं, कॅम्पबिंप काही नाही, नागरिकत्वाचा अर्ज टाकलाय, पोलिसांची भानगड नको. डिसेंबरात भुसावळला जायचंय. मी कुणाची समजूत घालू?"

ताई, तुम्ही दोन प्रश्न एकाच गाठोड्यात बांधलेत. लेकीला पाठवायचं का, हा एक. आप्पांचं काय करायचं, हा दुसरा. पहिला त्या मानाने सोपा, तो आधी उरकते.

पाठवा.

यांना आधी एवढं सांगा की हे कॅम्प म्हणजे चार टवाळ पोरांचा उद्योग नाही. 2006 मध्ये इंग्लंडात यॉर्कशायरमधल्या ड्रॅक्स या कोळशावरच्या वीजकेंद्राबाहेर पहिला मोठा क्लायमेट कॅम्प, म्हणजे हवामानासाठी तंबू ठोकून केलेलं आंदोलन, भरला. 2008 मध्ये किंग्जनॉर्थला नवं कोळसा केंद्र होऊ घातलं होतं, तिथे तंबू पडले आणि तो बेत पुढे बारगळला. त्याच इंग्लंडातलं शेवटचं कोळसा केंद्र 30 सप्टेंबर 2024 ला बंद झालं. एकट्या तंबूंनी ते बंद पाडलं असं मी म्हणणार नाही. गॅस, वारा, कार्बनवरचा कर, सगळ्यांचा हात त्याला लागला. तुमच्या दाराशी तर हे सगळं रोजचंच आहे. कोळशाच्या खाणीसाठी तोडल्या जाणाऱ्या हाम्बाखच्या जंगलात 2012 पासून लोक झाडांवर घरं बांधून राहिले आणि ऑक्टोबर 2018 मध्ये कोर्टाने तोड थांबवली. ल्युत्सेराथ गाव मात्र जानेवारी 2023 मध्ये पोलिसांनी रिकामं करून खाणीला दिलं. पण सरकार आणि खाण कंपनीच्या ज्या करारात ते गेलं त्याच करारात शेजारची पाच गावं वाचली आणि ऱ्हाइनच्या पट्ट्यातली कोळसाबंदी 2038 वरून 2030 वर आली.

अशा कॅम्पात दिवस जातो तो सभा, कार्यशाळा, शे-दोनशे माणसांचा स्वयंपाक आणि संडास धुण्याच्या पाळ्या यांत. घरी स्वतःचं ताट न उचलणारी मुलं तिथे पातेली घासतात, हा फायदा मी आंदोलनापेक्षा जरा वरच धरते.

आता कायदा. असा कॅम्प, त्यातल्या झोपायच्या तंबूंसकट, सभास्वातंत्र्यात बसतो, असा निकाल लाइपझिगच्या संघीय प्रशासकीय न्यायालयाने मे 2022 मध्ये दिला, आणि तो तुमच्याच भागातल्या 2017 च्या कॅम्पबद्दल होता. म्हणजे नोंदवलेल्या कॅम्पात राहणं हा गुन्हा नाही. खाणीच्या हद्दीत घुसणं, रूळ अडवणं, यंत्रावर चढणं ही वेगळी गोष्ट. तिथे फौजदारी तक्रार होते, वर कंपनी दिवाणी दावाही लावू शकते. सतराव्या वर्षी अल्पवयीनांचा कायदा लागतो, त्यामुळे शिक्षा सहसा सौम्य. पण यांची भीती अगदीच पोकळ नाही: कुणावर फौजदारी तपास चालू असेल, तर तो संपेपर्यंत त्या व्यक्तीच्या नागरिकत्वाचा निर्णय अडकून राहतो. लेकीचं नाव अर्जात असेल, तर हे तिला कागद समोर ठेवून सांगा. ती लहान नाही, तिला कळेल.

मी तुमच्या जागी असते तर म्हटलं असतं: कॅम्पात राहा, खाणीत उतरू नकोस. एकटी कुठे जाऊ नकोस, ओळखपत्र जवळ ठेव, वकिलांच्या मदतगटाचा नंबर मार्करने हातावर लिही, रोज रात्री एक फोन. खाणीत उतरायचं असेल तर अठरा पूर्ण होऊ दे आणि पासपोर्टचा निकाल लागू दे, मग तुझं तू ठरव. यावर ती रुसेल. रुसू द्या.

एक गोष्ट माझी सांगते. 1999 चा पावसाळा. मी धुळ्याला कॉलेजात होते. शहाद्याला मैत्रिणीच्या बहिणीचं लग्न आहे अशी थाप मारून मी धडगावमार्गे डोमखेडीला गेले. नर्मदेच्या काठी, सरदार सरोवराचं पाणी चढेल त्या जागी झोपड्या बांधून लोक बसले होते. त्याआधी मणिबेलीलाही असंच झालं होतं. महाराष्ट्रातलं बुडणारं ते पहिलं गाव. मी चारच दिवस होते. भाकऱ्या थापल्या, ओली लाकडं फुंकली, मुलांना पाढे शिकवले. रात्री पाणी कुठवर आलंय ते बघायला एकजण कंदील घेऊन जायचा आणि सगळे झोपेचं सोंग घेऊन त्याच्या परतण्याची वाट बघायचे. घरी आले तर आई दारातच. पावसाळ्यात कुणाचं लग्न गं, एवढंच म्हणाली. ती पंधरा दिवस बोलली नाही, आणि ते आंदोलनासाठी नव्हे, थापेसाठी. तुमची लेक विचारून जातेय. माझ्या हिशेबी निम्मं काम तिथेच झालं.

तंबू ठोकून हटून बसणं तिकडून आपल्याकडे आलेलं फॅड आहे, असं तुमच्याकडे कुणी म्हणालं तर हेही सांगा. आपल्या फैजपूरला 1936 साली काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं, तेव्हा चित्रकार नंदलाल बोसांनी बांबूचं अख्खं नगर उभं केलं होतं. आप्पांच्या वडिलांनी ते पाहिलं होतं का, विचारा एकदा. फोनवर यायला त्यांना निमित्त मिळेल.

आता आप्पा. इथे मला लेकीचा थोडा राग आला, खरं सांगते.

तिचं गणित चूक नाही, माणूस चुकला. दीपनगरच्या बॉयलरवर उभा राहिलेला माणूस म्हणजे कोळसा नव्हे. संच कुठे लावायचे, कोळसा कुठून आणायचा, राख कुठे टाकायची, यातलं काहीही त्यांनी ठरवलेलं नाही. त्यांच्या वाट्याला आली ती शिफ्ट. रात्रपाळी करून सकाळी घरी आलं की खिडक्यांना काळे पडदे लावून झोपायचं आणि पोरांनी अंगणात आवाज करायचा नाही, हे दीपनगरच्या वसाहतीत वाढलेल्या कुणालाही विचारा. त्या पगारातून तुम्ही शिकलात, आणि तुम्ही शिकलात म्हणून ती कोलोनला वाढली. रावेर-यावलच्या केळीला पाणी लागतं, पाण्याला मोटर लागते, मोटरला वीज लागते. दिवसातून दहा-बारा तास भारनियमन सोसलेल्या खान्देशाला वीज म्हणजे काय, हे तिला वाचून समजणार नाही.

दुसरं, आकडे तिला आवडतात म्हणून. जर्मनीत माणशी वर्षाला साधारण 7 टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, भारतात 2 टनांच्या आसपास. तिथल्या चौदा वर्षांत तिच्या हीटरने, गाडीने आणि विमानाच्या तिकिटांनी जे जाळलं, तेही त्या वहीत मांडू दे. आप्पांना हे सांगून जिंकायला लावू नका. तिलाच कळू दे.

पण आप्पांचीही एक बाजू मी सोडणार नाही. वेल्हाळ्याच्या राखेच्या बंधाऱ्याजवळच्या शेतकऱ्याशी बोललात तर दीपनगरचा अभिमान जरा खाली येतो. राख उडते, पिकावर बसते. त्याच राखेचे ट्रक चालवून दुसऱ्या शंभर घरांत चूल पेटते, हेही तितकंच खरं. दोंडाईच्याजवळ विखरणला औष्णिक प्रकल्पासाठी जमिनी घेतल्या. तिथले धर्मा पाटील पाच एकरांचे चार लाखांच्या आसपास मिळाले म्हणून कचेऱ्यांचे उंबरे झिजवत राहिले, आणि 22 जानेवारी 2018 ला चौऱ्याऐंशीव्या वर्षी मंत्रालयात विष प्यायले. सहा दिवसांनी गेले. त्यांच्याभोवती कुणी तंबू ठोकला नव्हता. हातात कागदांची पिशवी घेऊन ते एकटेच फिरत होते. तुमच्या लेकीला हे नाव माहीत असायला हवं, ल्युत्सेराथइतकंच. आपल्याकडे कोळशाचं भांडण हवामानाच्या नावाने क्वचितच होतं. ते जमिनीच्या भावाचं, राखेचं आणि नोकरीचं होतं.

आप्पांना हवामान कळत नाही असं तर मुळीच समजू नका. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा भुसावळात कूलरसमोर बसून ते काय म्हणतात ते आठवा. गरम वाऱ्याने केळीची पानं करपतात, वादळात उभे घड आडवे होतात. त्यांच्या भावकीत केळीवाले असतीलच, त्यांना हे सगळं ठाऊक आहे. फक्त नातीने बोट दाखवून सांगितलं की माणूस ऐकत नाही, आणि सत्तरी उलटलेला माणूस तर अजिबात नाही.

म्हणून डिसेंबराची तयारी अशी करा. लेकीला म्हणावं, माफीचं भाषण नको, प्रश्न विचार. मालगाडीचा रेक आला की कोळसा उतरायचा कसा? बॉयलरची नळी फुटली तर आत कोण जायचं? राख तेव्हा कुठे जायची आणि तुम्हाला त्याबद्दल काय वाटायचं? शेवटचा प्रश्न शेवटीच. एकतीस वर्षांत आप्पांना हे घरातल्या कुणी विचारलेलं नसणार, तुम्हीसुद्धा. आणि तिने कॅम्पात काय केलं ते आप्पांना सांगावं, घोषणा वगळून: पाणी कुठून आणलं, वीज कुठून घेतली, दोनशे माणसांचं जेवण कसं निभावलं. सोलर पॅनलवर चालणारा कॅम्प म्हटलं की आप्पा किलोवॅट विचारतील. तिला उत्तर आलं नाही तर उत्तमच, ते समजावतील.

डिसेंबर म्हणजे भरताचा हंगाम. कुणाच्या तरी शेतात पार्टी ठेवा. बामणोदची वांगी, कपाशीच्या काड्यांचा जाळ, लाकडी बडगीत ठेचलेलं भरीत आणि कळण्याची भाकरी. तिथे म्हातारी माणसं आपोआप बोलती होतात. त्या जाळाचा धूर बघून लेक काही बोललीच, तर तिला वांगी सोलायला बसवा. (तिकडच्या कॅम्पात दूध-तूप चालत नाही असं ऐकते. भरीत चालेल. तेल, मिरची, लसूण, शेंगदाणे, बाकी काही नाही. शिकून गेली तर पुढच्या वर्षी पातेल्यापाशी तिला मान मिळेल.)

यांची समजूत तुम्ही घाला, आप्पांची घालू नका. तो फोन लेकीलाच लावू दे, कॅम्पला जायच्या आधी, आणि आईच्या फोनवर नको, थेट त्यांच्याच. ऑगस्टात तुमच्यात आणि भुसावळात साडेतीन तासांचं अंतर असतं. तुमच्याकडे सकाळचे दहा वाजले की इकडे दीड वाजतो, आणि जेवून ते आडवे होतात. बाराच्या पुढे लावायला सांगा, चहाच्या वेळेला.