‘अभंग म्हणणारा मुलगा आता फक्त रॅप ऐकतो’ : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : मुलगा नववीत आहे. चौथीपर्यंत पेटीजवळ बसून अभंग म्हणायचा. गेली दोन वर्षं रॅपशिवाय काही ऐकत नाही. आम्ही काही लावलं की हेडफोन चढवतो. त्याचा कान बिघडला का? (एक आई, नाशिक)

नाही. लहान मूल आरती, लावणी, जाहिरातीची धून, आजीची ओवी, सगळं सारख्याच आवडीने ऐकतं. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड हार्ग्रीव्ह्ज यांनी १९८२ साली या वृत्तीला जे नाव दिलं, त्याला आपण ‘मोकळा कान’ म्हणू. दहा-अकराच्या पुढे हा कान मिटू लागतो. काय ऐकायचं हे तेरा ते सोळाच्या वयात कट्टा ठरवतो. बरोबरीची चार मुलं जे ऐकतात ते आपल्याला ठाऊक नसेल, तर त्या चौघांत आपण परके पडतो. पुढे कट्टा पांगतो. वसतिगृह, नोकरी, नवे मित्र यांच्याबरोबर दुसरं संगीत येतं आणि विशीत कान पुन्हा उघडू लागतो. लहानपणचे अभंग तेव्हा हाताशी येतात, कारण त्या चाली आत कुठेतरी बसलेल्याच असतात.

दुसरं कारण बहुतेक घरांत लक्षातच येत नाही. हे आवाज फुटण्याचं वय आहे. मुलाचा आवाज साधारण एक सप्तक खाली उतरतो आणि मधली काही वर्षं तो कुठेच नीट लागत नाही. पेटीच्या काळी चार पट्टीत सहज म्हटलेला अभंग आता चिरकतो. मुलं हे बोलून दाखवत नाहीत, सरळ गाणं टाकतात. पट्टी उतरवून बघा. पांढरी एक किंवा काळी एक धरा, तार सप्तकाकडे, म्हणजे वरच्या स्वरांकडे, जाणाऱ्या चाली काही महिने बाजूला ठेवा, पाच-सहा स्वरांत फिरणारा अभंग निवडा. पाहुण्यांसमोर ‘म्हणून दाखव’ हा आग्रह तर पूर्ण बंद करा.

रॅपशी भांडू नका, ते मोजा. त्यालाच एखादं गाणं लावायला सांगा आणि टाळी धरा. चार ठोक्यांचा एक बार, चार बारांचे सोळा ठोके. मिनिटाला ९० ठोक्यांची गती असेल, तर सोळा ठोके पावणेअकरा सेकंदांत संपतात. तीनतालही सोळा मात्रांचाच, म्हणजे सोळा ठोक्यांचाच. फरक असा की तीनतालात पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी असते, नवव्या मात्रेवर ‘खाली’ येते, म्हणजे टाळी न देता हात मोकळा सोडतात. रॅपच्या ठेक्याला ही खाली नसते. आता त्याला एक तिहाई, म्हणजे तीनदा म्हणायचा एकच तुकडा, शिकवा :

तिटकत गदिगन धा, तिटकत गदिगन धा, तिटकत गदिगन धा.

‘तिटकत’ एक मात्रा, ‘गदिगन’ एक मात्रा, ‘धा’ एक मात्रा. नवव्या मात्रेपासून, म्हणजे खालीपासून सुरू केलं की तिसरा ‘धा’ बरोबर समेवर, म्हणजे तालाच्या पुढच्या फेरीच्या पहिल्या मात्रेवर, पडतो. चुकतं ते बहुतेक पहिल्या ‘धा’नंतर. मुलं घाईने पुढचा ‘तिटकत’ उचलतात, ‘धा’ची मात्रा पूर्ण देत नाहीत, आणि शेवटचा ‘धा’ समेच्या आधीच येऊन बसतो. हाताने मात्रा मोजत, तोंडाने बोल म्हणत, आधी संथ लयीत करा. शब्द ठोक्यात बसवण्याचा सराव त्याला रॅपमुळे आहेच, त्यामुळे हे त्याला तुमच्या अपेक्षेपेक्षा लवकर जमेल.

रॅपमधल्या शिव्यांबद्दल बोलायचं असेल तर जरूर बोला, पण ते बोलणं शब्दांबद्दल ठेवा. संगीतालाच वाईट म्हटलं की तो दार लावून घेतो. आणि घरात जे लागत होतं ते लागू द्या, संध्याकाळी, हळू आवाजात, त्याने ऐकावं अशी अट न घालता.

प्रश्न : मुलं दिवसभर हेडफोन लावतात. किती आवाज चालतो? (वाचक, अमरावती)

जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास, आणि मुलांसाठी ७५ डेसिबल, तितकेच तास अशी मर्यादा दिली आहे. दर ३ डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मी करायची. मोठ्यांसाठी ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५. बऱ्याच फोनमध्ये आता ही पातळी दिसते आणि कमाल आवाज बांधूनही ठेवता येतो. खरी गडबड बसमध्ये आणि लोकलमध्ये होते. बाहेरच्या गोंगाटावर मात करायला आवाज चढवला जातो आणि उतरल्यावर तसाच राहतो. कान नीट झाकणारे हेडफोन असले की आवाज कमी पुरतो. गाणं थांबल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली, तर त्या दिवशी मर्यादा ओलांडली समजा. कानाच्या आतल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत.

प्रश्न : वय २४. आतापर्यंत हिंदी गाणी आणि इंग्रजी रॉक ऐकलं. आता ख्याल ऐकावासा वाटतो, पण दहा मिनिटांत कंटाळा येतो. कुठून सुरुवात करू? (वाचक, पुणे)

कंटाळा येतो कारण सम कुठे आहे हे कळत नाही. विलंबित, म्हणजे संथ लयीच्या, एकतालात बारा मात्रांचं एक आवर्तन (तालाची एक फेरी) कधी पाऊण मिनिट चालतं, कधी त्याहून जास्त. पुढची सम येईपर्यंत नवा कान मागची विसरलेला असतो. म्हणून मैफलीचा क्रम उलटा करा, आधी द्रुत, म्हणजे जलद लयीतलं, ऐका. मिनिटाला २०० मात्रांच्या द्रुत तीनतालात सम पाच सेकंदांच्या आत परत येते. बंदिशीचा मुखडा, म्हणजे समेकडे नेणारा तो छोटा तुकडा, पाठ होईपर्यंत दुसरं काही शोधू नका.

पहिल्या आठवड्यात जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांची ध्वनिमुद्रणं घ्या. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावत, त्यामुळे गायकांनी त्यात राग दाटून बसवला आहे. गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी अशीच साडेतीन मिनिटांची आहे. १९७७ साली नासाच्या व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली ती हीच. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांच्या तबकड्याही इथेच ऐका.

नंतरचे दोन आठवडे फक्त भूप हा राग. सा रे ग प ध हे पाच स्वर. म आणि नी नाहीत. एका गायकाचा द्रुत चार वेळा ऐका, मग तोच राग दुसऱ्याकडून, तिसऱ्याकडून. त्यानंतर देशकार लावा. स्वर तेच पाच, पण भूप संध्याकाळी गातात आणि तो गांधारावर (ग) विसावतो. देशकार सकाळचा, त्याचा जोर धैवतावर (ध). ‘हे भूपासारखं आहे, पण भूप नाही’ एवढं जाणवलं की विलंबिताकडे वळा. शब्दांत सांगता आलं नाही तरी हरकत नाही.

विलंबितासाठी एकतालाचा ठेका पाठ हवा : धिं धिं धागे तिरकिट तू ना, कत् ता धागे तिरकिट धी ना. ‘तिरकिट’ दोनदा येतं, चौथ्या आणि दहाव्या मात्रेवर. दुसऱ्या ‘तिरकिट’नंतर ‘धी’ आणि ‘ना’, की सम. कान या दुसऱ्या ‘तिरकिट’वर ठेवा, मुखडा तिथेच आसपास उचललेला ऐकू येईल. सुरुवातीला पंधरा मिनिटं पुरे.

एकच मुद्रण पुन्हा पुन्हा ऐकायला सांगण्यामागे आधार आहे. केवळ ओळख वाढल्याने आवड वाढते, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स (Zajonc) यांनी १९६८ साली दाखवलं. पण दुसरे मानसशास्त्रज्ञ डॅनियल बर्लाइन यांचं म्हणणंही विसरू नका : फार अनोळखी नकोसं होतं आणि फार ओळखीचंही. पाच वेळा ऐकूनही मन लागलं नाही, तर गायक बदला. राग सोडू नका.

फोनच्या स्पीकरवर ऐकणं ही सर्रास होणारी चूक. डग्ग्याचा घुमारा आणि तानपुऱ्याचा खर्ज (सगळ्यात खालचा सा) त्यातून जवळजवळ येतच नाही, आणि विलंबिताचा सगळा पाया तिथेच आहे. साधे तारेचे इअरफोनही चालतील. गाण्यांची आपोआप सरमिसळ करणारी सोय बंद ठेवा. भूपनंतर मालकंस आणि मग तोडी लागली, तर एकही राग कानात मुरत नाही.

शब्दांशिवाय चैन पडत नसेल तर नाट्यपदांतून या. ‘कट्यार काळजात घुसली’ या १९६७ च्या नाटकात जितेंद्र अभिषेकींनी ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद दोन चालींत बांधलं आहे, एक धानी रागात, एक सालगवराळी रागात. दोन्ही लागोपाठ ऐका. शब्द तेच असताना गाणं किती बदलतं, ते इथे फार स्वच्छ कळतं.

प्रश्न : मी १७ वर्षांची आहे, शास्त्रीय गाणं शिकते आणि मेटलही खूप ऐकते. त्याने सूर बिघडतो का? (वाचक, सांगली)

ऐकल्याने बिघडत नाही. रियाजाला बसताना मात्र तुझा कान कशाला जुळलाय ते बघ. गिटार, कीबोर्ड आणि पेटी यांच्यावरचा शुद्ध गांधार तानपुऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. एका अर्ध्या स्वराचे १०० सेंट धरतात. फरक बारीक आहे, पण ठेहरावात, म्हणजे एका स्वरावर थांबताना, खटकतो. म्हणून आधी दहा मिनिटं काही न गाता तानपुरा ऐक, खर्जाच्या तारेतून गांधार ऐकू येऊ दे, मग सा लाव. रियाजात पेटी शक्यतो नको. मेटल रियाज झाल्यावर, पोटभर.

प्रश्न : वय ४१. कॉलेजात ऐकलेलीच गाणी खरी वाटतात, नवं सगळं पोकळ. हे म्हातारपण का? (वाचक, ठाणे)

साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी माणसाला आयुष्यभर जास्त ठळक राहतात, आणि त्या काळातली गाणी त्या आठवणींना चिकटून येतात. शिवाय त्या काळातली सुमार गाणी तुम्ही विसरलात, निवडक तेवढी उरली. आजची मात्र चाळणी न लागता कानावर येतात. तुलना असमान आहे.

आठवड्याला एकच नवं गाणं घ्या, पण ते तीन वेगवेगळ्या दिवशी ऐका. पहिल्या दिवशी मत देऊ नका. निवड तुमच्याहून पंधरा-वीस वर्षांनी लहान माणसावर सोपवा आणि त्याला एवढंच विचारा, ‘यातली कोणती जागा तुला आवडते?’ दुसऱ्यांदा ऐकताना फक्त त्या जागेची वाट बघा.