कायदा सल्ला : तालुक्याच्या वकिलीतून न्यायासनाकडे

प्रश्न : अंबाजोगाईच्या न्यायालयात दोन वर्षे ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली काम करतो. न्यायाधीश व्हायचे आहे. कोणती वाट धरू?

उत्तर : सध्या तुमच्यासाठी दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) व प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी हीच वाट आहे. परीक्षा लोकसेवा आयोग घेतो. सर्वोच्च न्यायालयाने 20 मे 2025 रोजी तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची केली. ती तात्पुरत्या सनदेच्या (वकील म्हणून पहिल्या नोंदणीच्या) तारखेपासून मोजतात, त्यामुळे बार परीक्षेचा (सनद कायम होण्यासाठीच्या परीक्षेचा) निकाल लांबला तरी वर्ष बुडत नाही.

खरी अडचण वकिली केल्याच्या दाखल्याची. तो किमान दहा वर्षे वकिली झालेल्या वकिलाने द्यायचा आणि प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याने त्यावर पृष्ठांकन (दुजोऱ्याचा शेरा व सही) करायचे. ज्युनियर रोज कोर्टात उभा असतो, पण वकीलपत्रावर (पक्षकार वकील नेमतो त्या कागदावर) नाव फक्त ज्येष्ठांचे. मग कागदावर त्याची वकिली दिसतच नाही. आजपासून प्रत्येक वकीलपत्रावर तुमचीही सही घ्यायला सांगा. ज्या रोजनाम्यांत (न्यायालयाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदींत) तुमची हजेरी नोंदली आहे, त्यांच्या नकला वर्षवार लावून ठेवा.

पूर्व परीक्षा 100 गुणांची, केवळ चाळणीपुरती. मुख्य परीक्षा 200 गुणांची, एक पेपर दिवाणी आणि एक फौजदारी. मुलाखत 50 गुणांची. आपल्याकडे तालुक्याला वाटणी, बांध, रस्ता, कुळाचे दावे जास्त. 1954-55चे खासरा पत्रक (जमिनीच्या ताब्याची जुनी नोंद) आणि 1950चा हैदराबाद कूळ कायदा तुम्हाला पाठ होईल, पण पेपरात मालमत्ता हस्तांतरण, करार आणि स्पेसिफिक रिलीफ (करार प्रत्यक्ष पाळायला लावणे, ताबा, मनाई असे दिलासे) हे कायदे विचारतात. हे कायदे मुळातून, कलमाच्या शब्दांसह वाचा. गाईडवर विसंबू नका. फौजदारीत 1 जुलै 2024पूर्वीच्या गुन्ह्यांना जुनीच दंडसंहिता लागते. म्हणून खुनाचे जुने कलम 302 आणि त्या दिवसापासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतले 103, दोन्ही जिभेवर हवीत.

प्रश्न : वकिलीला नऊ वर्षे झाली. थेट जिल्हा न्यायाधीश होता येते का? (लातूर)

उत्तर : येते. राज्यघटनेच्या अनुच्छेद 233नुसार सात वर्षांची वकिली लागते. ती अर्जाच्या तारखेपर्यंत अखंड हवी. मधे पगारी नोकरी केली असेल तर अर्ज अडतो. थेट भरतीच्या जागा 25 टक्के. सर्वोच्च न्यायालयाच्या 9 ऑक्टोबर 2025च्या निकालापासून सेवेतले न्यायाधीशही त्यांवर स्पर्धा करू शकतात, तेव्हा चुरस वाढणार हे धरून तयारी करा.

उच्च न्यायालयासाठी अर्ज नसतो. दहा वर्षांच्या वकिलीनंतर न्यायवृंदाच्या (कॉलेजियम, म्हणजे ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या मंडळाच्या) शिफारशीने नाव जाते. बीडचे नरेंद्र चपळगावकर वकिलीतूनच 1990मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले.