मलिदा: लाटायचा आणि करायचा

प्रश्न असा आला आहे: 'अलिबागच्या एका बेने इस्राएल कुटुंबाकडून लग्नाआधीच्या मलिद्याचं आमंत्रण आलं. आम्हाला मलिदा माहीत आहे तो पुढाऱ्यांनी लाटलेला. हा शब्द तोच का? आणि मुसलमानी वाटणारा शब्द ज्यू घरात कसा?'

शब्द तोच. मूळ फारसी 'मालीदा', म्हणजे चोळलेलं, मळलेलं. पोळी कुस्करून त्यात तूप-गूळ घालून केलेला गोड पदार्थ तो मलिदा. आपल्याकडे मोहरमात गावोगावी पिराला मलिदा-चोंगे दाखवतात, त्यात हिंदू घरंही असतात. तुपात थबथबलेला, आयता मिळणारा घास, त्यावरून टेंडरातला मलिदा आला. वर्तमानपत्रांनी हा दुसरा अर्थ इतका दामटला की पदार्थ मागेच पडला.

बेने इस्राएल म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. त्यांच्या मलिद्यात मात्र पोळी नाही आणि तूपही नाही. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, जायफळ, वर काजू-बदाम-मनुके. मोठ्या थाळ्यात पोह्यांची रास, भोवती फळं, सुगंधासाठी गुलाब किंवा सब्जाची डहाळी. भातपिकाच्या मुलखात पोहे येणारच. तूप का नसावं? माझा तर्क असा: ज्यू आहारनियमांत दूध आणि मांस एका जेवणात चालत नाही. नारळावर भागवलं की पुढे मटणाची पंगत बिनधास्त बसवता येते. त्यांच्या गव्हाच्या चिकाच्या हलव्यातही गायीच्या दुधाऐवजी नारळाचंच दूध असतं.

थाळ्यासमोर जे म्हटलं जातं ते हिब्रूत. झाडाच्या फळाचा आशीर्वाद वेगळा, जमिनीतून आलेल्याचा वेगळा, सुवासाचा वेगळा, आणि त्याच्या जोडीला 'एलियाहू हन्नबी'चं गाणं. एलियाहू म्हणजे बायबलातला संदेष्टा एलिया. 'हन्नबी'तला नबी ऐकून पुन्हा तुमच्यासारखाच गैरसमज होतो, पण तो शब्द हिब्रूचा स्वतःचाच आहे. हिब्रू आणि अरबी सख्ख्या भाषा, म्हणून दोन्हीकडे नबी. पूर्वज नौगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले आणि या नबीने त्यांना सांभाळलं, अशी समाजाची श्रद्धा. अलिबागजवळ खंडाळे (घाटातला खंडाळा नव्हे) परिसरात एका खडकावर त्याच्या रथाच्या खुणा दाखवतात. त्या जागेला 'एलियाहू हन्नबीचा टापा' म्हणतात. नवस फेडायला लोक तिथे जाऊन मलिदा करतात. शेवाट महिन्याच्या पंधराव्या दिवशी, म्हणजे ज्यू पंचांगातल्या झाडांच्या नववर्षाला, विशेष गर्दी. त्या दिवसाला कुणी 'उरूस'ही म्हणतं.

शेजाऱ्यांचा शब्द घेण्यात या समाजाने कधी संकोच केला नाही. उपासाला 'रोजा', त्यातही एक 'बिरड्याचा रोजा', कारण तो वालाच्या बिरड्यावर सुटायचा. यरुशलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा हा उपास कोकणात बिरड्याच्या नावाने ओळखला गेला, यासारखं मला दुसरं उदाहरण सुचत नाही. योम किप्पुर, म्हणजे ज्यूंचा प्रायश्चित्ताचा दिवस, हा 'दारफाळणीचा सण', त्या दिवशी दारं लावून घरात राहायचं. आणि प्रार्थनामंदिराला चक्क 'मशीद'. मुंबईत सामाजी हसाजी दिवेकरांनी 1796 मध्ये बांधलेलं सिनेगॉग ही 'जुनी मशीद', आणि मस्जिद बंदर स्टेशनचं नाव तिच्यावरूनच पडल्याचं सांगतात. दिवेकर हे आडनाव दिवे गावचं. पेणकर, रोहेकर, किहिमकर तसेच. शनिवार ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी घाणा बंद ठेवणारे हे तेली, म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटलं.

बरेचसे बेने इस्राएल इस्राएलला गेले तेव्हा मलिदा सोबत गेला. तिथे तो हैफाच्या एलियाच्या गुहेपाशीही होतो.

वापरातला फरक क्रियापदात आहे. राजकारणातला मलिदा खातात, लाटतात, ओरपतात. या घरातला मलिदा 'करतात' किंवा 'ठेवतात': 'मुलगा पास झाला, मलिदा ठेवलाय', 'नव्या घरात मलिदा केला'. तेव्हा आमंत्रण स्वीकारताना 'मलिदा खायला येतो' म्हणू नका, 'मलिद्याला येतो' म्हणा. आणि वेळेवर जा, कारण प्रार्थना झाल्याशिवाय थाळ्याला हात लावत नाहीत.